कुंपणावरची हवा

विषारी माती उकरून नेण्याचे काम अखेर सुरू झाले की आसपासच्या वस्तीला हायसे वाटते. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केलेले असतात, मोर्चे काढलेले असतात, मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेले असतात. म्हणून फाटकातून पहिला जेसीबी आत शिरतो तेव्हा ‘सुटलो एकदाचे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नेमका त्याच दिवसापासून त्या वस्तीचा जोखमीचा काळ सुरू होतो. गवताखाली, फरशीखाली, जुन्या गोदामाच्या कोब्याखाली दबलेले शिसे तोवर निदान आपल्या जागी होते. फावड्याच्या घावासरशी ते मोकळे होते, उन्हात वाळते, डंपरच्या चाकांखाली भरडले जाते आणि वारा सुटला की कुंपणापलीकडे जाते.

हे पुस्तक त्या काळाबद्दल आहे. बाधित जागा कशी शोधावी, माती किती खोल काढावी, ती कुठे पुरावी, हे विषय यात नाहीत. सफाई चालू असताना हवेत काय उडते आहे, ते कसे मोजायचे आणि मोजल्यावर काय करायचे, एवढेच यात आहे. विषय अरुंद वाटेल. तो तसा का नाही, हे सांगताना ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

सेनेगलच्या डाकार शहराजवळ थियारोय-सुर-मेर नावाची किनाऱ्यालगतची वस्ती आहे. २००७ सालच्या अखेरीस तिथे लहान मुले एकामागून एक दगावू लागली. पुढच्या मार्चपर्यंत अठरा मुले गेली. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा धंदा तिथे कित्येक वर्षे चालू होता आणि त्याचा चुरा रेतीत मिसळत आला होता. मग जगाच्या बाजारात शिशाचे भाव चढले. वस्तीतल्या बायका ती रेती उकरून चाळू लागल्या आणि चाळणीवर उरलेले शिशाचे तुकडे विकू लागल्या. चाळणीखालून उडणारी धूळ कपड्यांवर, घरातल्या अंथरुणांवर, जवळ खेळणाऱ्या पोरांच्या नाकातोंडात जात होती. कोणी त्याला सफाई म्हणणार नाही. पण बाधित माती उकरणे, हलवणे, चाळणे, पोत्यांत भरणे ही कामे तीच आहेत जी सफाईत होतात. सरकारी शिक्का आणि पिवळी हेल्मेट असली म्हणून धूळ वेगळी वागत नाही.

शिशाचा शरीराशी व्यवहार समजून घेतल्याशिवाय पुढचे आकडे कोरडे वाटतील. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर येते, पण तोवर त्यातले बरेचसे हाडांत जाऊन बसलेले असते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहावा हिस्सा भिनतो, तर लहान मुलाच्या अंगात जवळजवळ निम्मे. मुलाचा मेंदू घडत असतो आणि तिथे झालेले नुकसान भरून येत नाही. मुलाच्या रक्तात किती शिसे आढळल्यावर काळजी करायची, याचा अमेरिकेतला आकडा १९६० च्या दशकात दर डेसिलीटरला ६० मायक्रोग्रॅम होता. १९९१ साली तो १० झाला, २०१२ साली ५ आणि २०२१ साली ३.५. जागतिक आरोग्य संघटना आता स्वच्छ सांगते की शिशाची निर्धोक पातळी कोणालाही माहीत नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांतले ‘परवानगीयोग्य’ आकडे वाचताना हा उतार ध्यानात ठेवावा.

या पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारे उदाहरण लॉस एंजेलिसजवळच्या व्हर्ननचे आहे. व्हर्नन हे शहराच्या मध्यभागापासून काही मैलांवरचे छोटे औद्योगिक नगर. तिथे एका जागेवर १९२२ पासून धातू वितळवण्याचे आणि पुढे बॅटऱ्यांमधून शिसे काढण्याचे काम चालत होते. २००० साली तो कारखाना एक्साइड कंपनीकडे आला. आजूबाजूला बॉइल हाइट्स, मेवूड, कॉमर्स, हंटिंग्टन पार्क या मुख्यतः मेक्सिकन आणि मध्य अमेरिकी कष्टकऱ्यांच्या वस्त्या. २०१३ साली तिथल्या हवा नियंत्रण जिल्ह्याने, म्हणजे हवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, हिशेब मांडला तेव्हा कारखान्यातून निघणाऱ्या आर्सेनिकमुळे एक लाखाहून अधिक लोकांचा कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसले. मार्च २०१४ मध्ये भट्ट्या थंडावल्या, आणि २०१५ मध्ये केंद्रीय सरकारी वकिलांशी झालेल्या करारानुसार कारखाना कायमचा बंद झाला. मग मातीची मोजणी सुरू झाली. १.७ मैलांच्या परिघातली सुमारे दहा हजार घरे, शाळा, बगीचे तपासण्याच्या यादीत आले. २०१६ साली राज्याने या कामासाठी १७ कोटी ६६ लाख डॉलर मंजूर केले, आणि ते पुरले नाहीत.

व्हर्नन निवडण्याचे कारण असे की तिथे सफाईची दोन अगदी निराळी रूपे शेजारी शेजारी पाहायला मिळतात. खुद्द कारखान्याच्या इमारती पाडताना त्यांच्याभोवती संपूर्ण आच्छादन उभारले गेले आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला गेला. त्यामुळे कुठे फट पडलीच तर बाहेरची हवा आत शिरते, आतली धूळ बाहेर येत नाही. आतली हवा फिल्टरमधूनच बाहेर सोडायची. पण हजारो घरांच्या अंगणांवर तंबू कोण उभारणार? तिथे छोटे उत्खनन यंत्र, फावडी, पाण्याचा पाइप आणि ताडपत्री यांवरच काम निभावायचे होते, आणि तेही घरात माणसे राहत असताना. खिडक्या लावून घ्या, चपला बाहेर काढा, अशा सूचना मिळत. त्या सूचना पुरेशा आहेत की नाहीत हे कुंपणाला लावलेले यंत्रच सांगणार होते.

त्या वस्त्यांतल्या आयांनी संशोधकांना दिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात दिले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संशोधक आणि तिथल्या एका लोकसंघटनेने मिळून ४३ मुलांचे ५० दात तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. झाडाच्या वर्तुळांप्रमाणे दातात थर चढत जातात, त्यामुळे मूल पोटात असतानाचे शिसे कोणते आणि जन्मानंतरचे कोणते, हे वेगळे सांगता येते. ज्या भागातल्या मातीत शिसे जास्त, तिथल्या मुलांच्या दातांतही ते जास्त निघाले, जन्माआधीच्या थरातसुद्धा. हवेचे मोजमाप कशासाठी करायचे, या प्रश्नाचे याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही. शिसे दातात सापडते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ते हवेत असतानाच पकडायचे आहे.

आता यंत्रांकडे वळतो. हवेतली धूळ मोजण्याच्या दोन रीती आहेत, आणि सगळा गोंधळ त्यांतली एक दुसरीच्या जागी वापरल्याने होतो.

पहिली रीत प्रकाशाची. हातात मावणाऱ्या पेटीत हवा ओढली जाते, तिच्यातून लेसरचा झोत जातो, कणांवर आपटून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि क्षणाक्षणाला पडद्यावर आकडा येतो. ट्रक रिकामा झाला की आलेख उभा चढताना डोळ्यांना दिसतो. ही या यंत्राची मोठी ताकद. मात्र ते फक्त प्रकाश मोजते. तो प्रकाश मातीवरून आला, धुरावरून आला की धुक्याच्या थेंबावरून, हे त्याला कळत नाही. कारखान्यातून निघताना त्याला ॲरिझोनातल्या एका ठरावीक प्रमाणित धुळीवर जुळवलेले असते, आणि आपल्या जागेवरची धूळ तशी असेलच असे नाही. दमट पहाटे आकडा उगाच फुगतो. म्हणून हवा आत घेणाऱ्या नळीला तापवणारा भाग असलेले यंत्र घ्यावे, रोज सकाळी फिल्टर लावून शून्य तपासावे आणि हवेचा प्रवाह मोजून लिहून ठेवावा. हे सगळे पुस्तकात सविस्तर आहे. मी एवढेच म्हणेन की ज्या जागेवर शून्य तपासल्याची वही नाही, तिथला एकही आकडा मी मानत नाही.

दुसरी रीत फिल्टरची. उच्च-क्षमतेचा सॅम्पलर मिनिटाला एक घनमीटरहून जास्त हवा चोवीस तास एका पांढऱ्या तंतुमय कागदातून ओढत राहतो. कागद साधारण आठ इंच बाय दहा इंचांचा. लावण्यापूर्वी तो ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवून वजन करतात. दुसऱ्या दिवशी तो करडा होऊन येतो. तेव्हा धुळीची बाजू आत करून दुमडतात, पाकिटात घालतात, पुन्हा त्याच खोलीत ठेवून वजन करतात. मग त्याचा तुकडा आम्लात उकळून त्यातले शिसे प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजतात. हा आकडा शिशाचाच असतो, त्यात शंका नाही. पण तो हाती येईपर्यंत काही दिवस जातात. तोवर ज्या दिवसाची ती हवा होती तो दिवस संपलेला असतो आणि ती हवा कोणीतरी श्वासात घेतलेली असते.

तात्पर्य, तत्काळ कळणारा आकडा शिशाचा नाही आणि शिशाचा आकडा तत्काळ कळत नाही. या दोहोंमध्ये पूल बांधावा लागतो, तो मातीच्या तपासणीचा. समजा जागेवरच्या मातीत दर किलोला १,००० मिलिग्रॅम शिसे आहे, म्हणजे हजारावा हिस्सा. कुंपणाजवळ दर घनमीटर हवेत त्या मातीची १०० मायक्रोग्रॅम धूळ आढळली, तर तिच्यात ०.१ मायक्रोग्रॅम शिसे असणार. अमेरिकेने २००८ साली ठरवलेले हवेतल्या शिशाचे मानक ०.१५ आहे, तीन महिन्यांच्या सरासरीवर. म्हणजे काम चालू ठेवता येईल, डोळ्यात तेल घालून. आता हेच गणित जुन्या भट्टीजवळच्या मातीसाठी करा, जिथे किलोला ५०,००० मिलिग्रॅम शिसे असू शकते. पडद्यावर तोच १०० चा आकडा, पण हवेत शिसे ५ मायक्रोग्रॅम. मानकाच्या तेहतीस पट. उलट दिशेने गेलात तर त्या मातीसाठी धुळीची चालण्याजोगी मर्यादा ३ मायक्रोग्रॅमवर येते. शहरातल्या कुठल्याही रस्त्यावर त्याच्या कित्येक पट धूळ एरवीच असते. तेवढा बारीक फरक प्रकाशाच्या पेटीला ओळखता येणार नाही. अशा ठिकाणी आकड्यावर राखण ठेवणे शक्य नाही, तिथे तंबूच उभारायला हवा. व्हर्ननमध्ये इमारतींना आच्छादन आणि अंगणांना ताडपत्री, हा भेद याच गणितातून समजतो.

या गणितात एक खोच आहे, आणि ती पुष्कळदा निसटते. प्रयोगशाळेत मातीचा सगळा नमुना एकत्र करून शिसे मोजतात, त्यात खडे आणि जाड रेतीही येते. हवेत मात्र उडतो तो सर्वांत बारीक भाग, आणि बारीक कणांवर शिसे अधिक चिकटलेले असते. त्यामुळे मातीच्या आकड्यावरून काढलेला हवेचा आकडा खऱ्यापेक्षा कमी निघण्याचा धोका राहतो. उपाय दोन. मातीचा बारीक भाग चाळून वेगळा तपासावा. आणि कामाच्या पहिल्या आठवड्यात रोज फिल्टर लावून, धुळीच्या एका मायक्रोग्रॅममागे प्रत्यक्षात किती शिसे येते ते पाहून गुणक दुरुस्त करावा. कंत्राटदार याला वेळेचा अपव्यय म्हणतात. तो अपव्यय करायलाच हवा.

कुंपणावर एक यंत्र लावून भागत नाही. एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला हवे, दोन तरी खालच्या बाजूला. वरच्या बाजूचा आकडा शहराची धूळ दाखवतो, खालच्या बाजूचा शहर आणि साइट मिळून. दोहोंतला फरक तेवढा आपला. लॉस एंजेलिसमध्ये दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री ते उलटून मतलई होतात, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी वाळवंटाकडून सांता आना नावाचे कोरडे, सोसाट्याचे वारे सुटतात. सकाळी वरच्या बाजूला लावलेले यंत्र दुपारी खालच्या बाजूला येते. कोकणपट्टीत काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून साइटवर वाऱ्याची दिशा आणि वेग यांची नोंद धुळीच्या नोंदीइतकीच जपून ठेवावी लागते.

आपल्याकडची एक अडचण मात्र अमेरिकेच्या पुस्तकांत सापडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत मुळातच धूळ एवढी असते की दोन मोठ्या आकड्यांतला छोटा फरक काढावा लागतो, आणि तो यंत्रांच्या चुकीतच हरवून जाऊ शकतो. यावर मार्ग आहे तो दोन्ही यंत्रे आधी काही दिवस शेजारी शेजारी चालवून त्यांच्यातला अंगभूत फरक काढून टाकण्याचा, आणि फिल्टरवरच्या शिशावर जास्त भिस्त ठेवण्याचा. शहराच्या धुळीत शिसे आता फार नसते, कारण २००० सालापासून आपल्या पेट्रोलमध्ये ते नाही. फिल्टरवर शिसे वाढले तर ते कुठून आले याचा अंदाज बांधणे सोपे जाते.

आता सरासरीबद्दल. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोठी फसवणूक हिच्या आडून होते, आणि तीही एकही आकडा खोटा न लिहिता. दहा मिनिटे हवेत दर घनमीटरला १,००० मायक्रोग्रॅम धूळ उडाली, आणि बाकीचा दिवस स्वच्छ गेला, तर चोवीस तासांच्या सरासरीत तिने भर घातली ती अवघ्या सातची. अहवालात तो दिवस निर्दोष दिसतो. त्या दहा मिनिटांत शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर, ओट्यावर, खिडकीच्या चौकटीवर जे बसायचे ते बसून गेलेले असते. म्हणून न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याचा नमुना आराखडा पंधरा मिनिटांच्या सरासरीवर चालतो. खालच्या बाजूची पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) धूळ वरच्या बाजूपेक्षा १०० मायक्रोग्रॅमने वाढली की पाणी मारणे, वेग कमी करणे असे उपाय करायचे. तरीही १५० ने जास्त राहिली की काम थांबवायचे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण जिल्ह्याने २०१७ साली विषारी मातीच्या कामांसाठी १४६६ क्रमांकाचा नियम केला, तो याहून कडक. दोन तासांच्या सरासरीत फरक २५ च्या वर गेला की काम बंद. वाऱ्याचा वेग पंधरा मिनिटांच्या सरासरीने ताशी १५ मैलांवर, किंवा एखादा झोत २५ मैलांवर गेला की काम बंद. मातीचे ढीग झाकलेले हवेत, साइटवर वाहनांचा वेग मर्यादित हवा, आणि कुंपणावर फलक हवा, ज्यावर धूळ दिसल्यास कोणाला कळवायचे ते लिहिलेले असेल.

‘काम बंद’ हे दोन शब्द काढून टाकले तर बाकी सगळी यंत्रसामग्री म्हणजे दिखावा आहे, हे मला ठासून सांगायचे आहे. आकडा ओलांडला की यंत्र कोण थांबवणार, त्याचे नाव आणि हुद्दा आधी ठरलेला हवा. तो माणूस कंत्राटदाराच्या पगारावर नसावा. थांबलेल्या तासांचे पैसे कोण देणार तेही करारात असावे, नाही तर मजुरांची रोजी बुडते म्हणून कोणीच थांबवत नाही. हवेच्या मोजमापाची योजना अनेकदा जाडजूड आणि देखणी असते. मी तिच्यात सर्वांत आधी हाच परिच्छेद शोधतो. तो नसेल तर पुढे वाचत नाही.

हवेत पकडता न आलेली धूळ शेवटी कुठेतरी बसते, आणि मुलांच्या पोटात जाणारे शिसे बहुतांशी तिथूनच जाते: जमिनीवरून हाताला, हातावरून तोंडात. त्यामुळे हवेचे आकडे चांगले आले म्हणून समाधान मानू नये. घराच्या फरशीवरून ठरावीक एक चौरस फूट जागा ओल्या बोळ्याने पुसून त्यावरचे शिसे मोजतात. सफाईनंतर तिथे किती शिसे चालेल, याची अमेरिकेतली मर्यादा आधी ४० मायक्रोग्रॅम होती, मग १० झाली, आणि २०२४ च्या नियमाने ५ वर आली. एक चौरस फुटावर पाच मायक्रोग्रॅम म्हणजे नजरेला पूर्ण स्वच्छ दिसणारी फरशी.

मजुरांचा हिशेब निराळा ठेवावा लागतो, कारण ते धुळीच्या मुळाशीच उभे असतात. त्यांच्या गळ्याजवळ कॉलरला ३७ मिलिमीटरची छोटी डबी लावतात, तिची नळी कमरेच्या पंपाला जोडलेली असते. पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो, आणि आठ तासांत जेमतेम एक घनमीटर. अमेरिकेतली कामगारांसाठीची मर्यादा १९७८ पासून दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या डबीवर दिवसाअखेर ४८ मायक्रोग्रॅम शिसे आले की ती गाठली. हवेतले शिसे दर घनमीटरला ३० वर गेले की रक्ततपासणीसारख्या गोष्टी सुरू कराव्या लागतात. इथे तुलना करून पाहावी. मजुरासाठी ५० आणि कुंपणापलीकडच्या मुलासाठी ०.१५. एकीकडे पाळीचे आठ तास धरले आहेत आणि दुसरीकडे तीन महिन्यांचा दिवस-रात्र श्वास, त्यामुळे दोन्ही आकडे एका मापाने मोजता येत नाहीत हे मान्य. तरी एवढी दरी केवळ तेवढ्याने समजत नाही. मजुराच्या अंगाची किंमत आपण कमी लावली आहे, हे तिच्यामागचे उघड सत्य आहे. आणि तो मजूर संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी जाऊन मुलाला उचलून घेतो. साइटवर आंघोळीची आणि कपडे बदलण्याची सोय नसेल, तर कुंपणावरच्या यंत्राला चुकवून शिसे फाटकातून पायी चालत बाहेर पडते.

फिल्टरच्या कामात एक शिस्त अशी आहे की नवख्याला ती उगाचची वाटते. दर काही नमुन्यांमागे एक कोरा फिल्टर साइटवर न्यायचा, हाताळायचा, हवा न ओढता परत आणायचा आणि बाकीच्यांबरोबर तपासायचा. त्यावर शिसे निघाले तर ते आपल्या हातातून, पाकिटातून किंवा प्रयोगशाळेतून आले. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९५६ साली शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे काढले. त्या कामात त्यांच्या वाटेत सर्वांत मोठी आडकाठी होती ती प्रयोगशाळेतल्या हवेतून, भांड्यांतून, माणसांच्या अंगावरून नमुन्यात शिरणाऱ्या शिशाची. ते हटवण्यासाठी त्यांना कमालीची स्वच्छ खोली उभारावी लागली. त्यातूनच त्यांना उमगले की शिसे सगळीकडे पसरले आहे आणि ते माणसानेच पसरवले आहे. पुढे शिसेयुक्त पेट्रोलविरुद्ध ते आयुष्यभर उभे राहिले. कोऱ्या फिल्टरची चिकाटी किती दूरवर नेते, याचे हे उदाहरण.

सफाईच्या क्रमाबद्दल नायजेरियातल्या झामफारा राज्याने जगाला धडा दिला. २०१० साली तिथे सोन्याचे खनिज गावातच, पीठ दळण्याच्या यंत्रांवर दळले जात होते. त्या खनिजात शिसे होते. चारशेहून अधिक मुले गेली. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय पथकाने औषध देण्याआधी अट घातली: घर आणि अंगण साफ झाल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत. बाधित घरात परत जाणाऱ्या मुलाला शिसे बाहेर काढणारे औषध देऊन उपयोग नव्हता. गावकऱ्यांनी कुदळींनी मातीचा वरचा थर काढला, पुरला आणि स्वच्छ माती पसरली.

अंगणे आधी की डोंगर आधी, हा प्रश्न अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या केलॉगलाही पडला होता. तिथल्या बंकर हिल भट्टीच्या धूळ अडवणाऱ्या पिशव्यांच्या घराला १९७३ साली आग लागली, तरी भट्टी चालूच राहिली. पुढच्या वर्षी मैलभराच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या रक्तात ४० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले. नंतरच्या सफाईत लोकांच्या अंगणांतली माती बदलली जात असताना भट्टीची जागा आणि उजाड टेकड्या अजून उघड्याच होत्या. साफ केलेल्या अंगणावर बाहेरून पुन्हा धूळ बसू नये, याची चिंता त्या कामात शेवटपर्यंत होती. व्हर्ननजवळच्या साफ झालेल्या अंगणांत संशोधकांनी नंतर पुन्हा तपासणी केली, आणि २०२३ साली बातमी आली की अनेक ठिकाणी शिसे राज्याच्या किलोला ८० मिलिग्रॅम या मर्यादेहून अजूनही जास्त आहे. माती पुरेशी काढली नव्हती की ती नंतर बाधित झाली, या वादाचा निवाडा करायचा तर त्या त्या दिवसांच्या धुळीच्या आणि वाऱ्याच्या नोंदी लागतात. नोंदी नसतील तर प्रत्येक बाजू आपापले म्हणणे मांडत बसते.

हे पुस्तक आत्ता मराठीत यायला निमित्त आहे. २०२५ साली केंद्र सरकारने प्रदूषणबाधित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थांनी आणि जिल्हा प्रशासनाने करायची, राज्य मंडळाने त्यांची तपासणी करायची, आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा, असा त्यांचा सांगाडा आहे. म्हणजे जी कामे आजवर आपल्याकडे क्वचित होत होती, ती यापुढे जिल्ह्याजिल्ह्यांत होतील. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे असलेली साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतात आहेत. आणि बॅटऱ्या फोडण्याचे, शिसे वितळवण्याचे उघड्यावरचे धंदे आपल्या शहरांच्या कडेला कोणाला दिसलेले नाहीत? हवेतल्या शिशाचे आपले २००९ सालचे मानक चोवीस तासांसाठी १ आणि वर्षासाठी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. सफाईच्या कामावर त्याच्या आधाराने ‘सर्व काही मर्यादेत’ असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. या पुस्तकाच्या वाचकाने तसे लिहू नये आणि लिहू देऊ नये.

निविदा तयार करणाऱ्या अभियंत्यांना माझे सांगणे आहे की हवेच्या मोजमापाची रक्कम मातीकामाच्या दरात मिसळू नका, ती वेगळ्या ओळीत दाखवा आणि वेगळ्या संस्थेला द्या. आणि ज्यांच्या घराच्या मागेच अशी जागा साफ व्हायची आहे त्यांनी काम सुरू होण्याआधी लेखी विचारावे: यंत्रे किती आणि कुठे, किती मिनिटांची सरासरी, कोणत्या आकड्याला काम थांबणार, कोण थांबवणार, आणि रोजचे आकडे आम्हाला कुठे पाहायला मिळणार. उत्तरही लेखीच घ्यावे, आणि ते मिळेपर्यंत फाटक उघडू देऊ नये.